मानेचा टेकू

सावदा
८ ऑगस्ट १९९२

चि. कुंदास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. धुळ्याचं मुलींचं वसतिगृह, तुझी खोली, अधीक्षिका म्हणून तुझ्या ताब्यात आलेल्या साठ मुली आणि त्यांच्या उवा, सगळं वाचलं. साठ जणींच्या वेण्या बघायला तुला वेळ आहे, आणि इथे तुझी आई दोन महिने शेजारच्या भिकुबाईकडून विंचरून घेते आहे. भिकुबाई मनाने चांगली, पण ती केस विंचरत नाही, वखर फिरवते. मी ओरडले की म्हणते, "एवढ्याशानं काय मान तुटते का वं? माह्या म्हशीलेबी एवढे नखरे नाहीत."

मान कशी आहे म्हणून विचारलंस. आहे, धडावरच आहे. गळ्यातला पट्टा सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत असतो. डावीकडे बघायचं तर अजून सगळं अंगच वळवते. वर बघत नाही, खाली बघत नाही. हे पत्रही तू लावून दिलेल्या रीतीनेच लिहिते आहे. टेबलावर लोणच्याची रिकामी बरणी, तिला टेकवलेला पाट आणि पाटावर कागद. असं उभं लिहिताना बॉलपेन रुसतं, म्हणून पेन्सिल. अक्षर पुसट लागलं तर डोळ्यांना ताण देऊन वाच, आईसाठी तेवढं कर.

नाना भाकरी थापायला शिकले. रोजच्या भाकरीत नवा जिल्हा दिसतो. काल नाशिक होता, आज बुलढाणा. साठीच्या नवऱ्याला केळीच्या बागेतून येऊन चुलीपुढे बसताना बघवत नाही, पण मी काय करणार? लोक विचारतात, एकुलती एक पोरगी आईला अशी टाकून गेली कशी? मी सांगते, नोकरी आहे तिला, पगारी आहे. मी तुला दोष देत नाही. नऊ वर्षं तू माझं सगळं केलंस, अंघोळ घातलीस, चपला पायात सरकवल्यास. पण सवय लावून माणूस उठून गेलं की उरलेल्याचे हाल होतात, एवढंच म्हणते.

जाताना जळगावच्या त्या व्यायामाच्या बाईंची चिठ्ठी देव्हाऱ्याखाली ठेवून गेलीस. ती तिथेच आहे. मोठ्या डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, मान जपा. एक झटका बसला तर कायमच्या लुळ्या व्हाल." त्यांचं ऐकायचं की कालच्या पोरीचं?

दिवाळीला चार दिवस आधी ये. नानांची तब्येत बरी आहे.

तुझी आई

---

सावदा
१४ नोव्हेंबर १९९२

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

तू रागावून गेलीस. सुट्टीत हट्टाने मला जळगावला त्या व्यायामाच्या बाईंकडे नेलंस आणि मी त्यांच्याशी नीट बोलले नाही, म्हणून परतताना एस.टी.त माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. सबंध रस्ता मी खिडकीकडे तोंड करून होते. तुला वाटलं असेल मी फुगले. मी खड्डे मोजत होते, कारण प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरावा लागत होता.

मी पडले ते तुला माहीत आहे, पण तू तेव्हा कॉलेजात होतीस, पाहिलेलं नाहीस. ८३ सालच्या फेब्रुवारीत आपल्या मळ्यात केळी कापणी होती. ट्रक रस्त्यावर उभा, दोन मजूर आलेच नव्हते. मी म्हटलं, दहा घड मीही टाकते. पदराची चुंबळ केली आणि घड डोक्यावर घेतला. पाण्याच्या पाटाच्या काठावर पाय सरकला. घड मागे गेला आणि त्याच्याबरोबर मानही मागे गेली. काडकन आवाज झाला. तो मानेचा होता की घडाच्या दांड्याचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर ताईबाई म्हणून एक बाई होती, विहिरीत पडून मान दुखावलेली. तिचे फक्त डोळे हलायचे. माशी नाकावर बसली तरी ती हाकलू शकत नव्हती, मला डोळ्यांनी सांगायची. मी तेवीस दिवस तिच्या माशा हाकलल्या. मोठे डॉक्टर ते लुळं होण्याचं वाक्य बोलले ते तिच्या खाटेपाशी उभे राहून.

आणि केळीच्या गावात मान म्हणजे काय, हे डॉक्टरांनी शिकवावं लागत नाही. केळ निसवली, घड बाहेर लोंबला, की सगळा भार मानेवर येतो. वारा सुटला की झाड तिथेच मोडतं, आणि मोडलेली केळ पुन्हा उभी राहिल्याचं सावद्यात कोणी पाहिलेलं नाही. म्हणून तर बांबूचा टेकू देतात. मला घरी आणताना जीपमध्ये नाना म्हणाले, "निसवेल केयीले टेकू लागतेच. घाबरू नको. पोरगी हाय ना घरात." त्याच आठवड्यात तुझं कॉलेज सुटलं. बी.ए. तू पुढे घरी बसून केलंस, माझ्या औषधांच्या वेळा सांभाळून.

त्या बाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस. "काकू, फोटोत मान चांगली आहे. नऊ वर्षं हलवली नाही म्हणून आखडली आहे. हलवली की दुखेल, पण दुखणं म्हणजे मोडणं नाही." तू बाहेर औषधं आणायला गेलीस तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं. "घरी सगळं कोण करतं?" मी म्हटलं, मुलगी करायची, आता धुळ्याला गेली. तर हसून म्हणाल्या, "मग आता तुम्ही लवकर बऱ्या होणार." याचा मला राग आला. तू आत आलीस तेव्हा मी तोंड फिरवून बसले होते ते यामुळे. तोंड फिरवून म्हणजे अंग फिरवून.

त्यांनी दिलेला व्यायामाचा कागद भिकुबाईच्या चुलीत गेला. तू पुन्हा विचारू नकोस.

तुझी आई

---

सावदा
२० एप्रिल १९९३

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझं पत्र नाही. वसतिगृहातल्या मुलींच्या परीक्षा असतील. मला परीक्षा नसते, रोजचाच निकाल असतो.

परवा बिबड्या घातल्या. तू नाहीस म्हणून यंदा घालूच नयेत असं म्हणत होते, पण नानांना ज्वारीच्या बिबड्यांशिवाय उन्हाळा गेल्यासारखा वाटत नाही. ते पहाटेच केळीच्या व्यवहारासाठी रावेरला निघून गेले, दिवे लागल्यावर परतले. भिकुबाई आणि तिच्या दोन्ही सुनांनी पीठ शिजवलं आणि अंगणात जुन्या धोतरांवर पापडासारख्या पातळ बिबड्या थापल्या. मी खाटेवर बसून तिखट-मीठ सांगितलं. एवढंच माझ्या हातात आहे. दुपारी सगळ्या जेवायला गेल्या आणि भिकुबाईची बकरी सुटली. एका धोतरावरच्या निम्म्या बिबड्या फस्त केल्या. बरं झालं, नाना होते, त्यांनी हाकलली.

माझं काही खरं नाही. रात्रीची झोप नाही, उजवा हात मुंग्यांनी भरतो. नानांनी तुला लिहिलंच असेल. मीच त्यांना म्हटलं, लिहा, तिला कळू द्या. हा पावसाळा मी काढते की नाही कोण जाणे. तुला नोकरी सोड असं मी कधी म्हणणार नाही. तुझं तुला कळतं.

तुझी आई

---

सावदा
१० मे १९९३

चि. कुंदास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र भिकुबाईलाही वाचून दाखवलं. महिनाअखेर राजीनामा देऊन तू घरी येणार! नानांनी ऐकून नुसती मान डोलावली, पण संध्याकाळी जिलेबी घेऊन आले. त्यांच्या जन्मात त्यांनी न सांगता आणलेली ही पहिली जिलेबी.

तुझ्या वसतिगृहाच्या चालक प्रमिलाबाईंनी एरंडोलचं स्थळ आणलं होतं, त्याला तू नाही म्हणालीस ते बरंच केलंस. बिजवर, वर पाच वर्षांची पोर. माणूस तुला शांत वाटला, पोरीने तुझं बोट सोडलं नाही, हे लिहिलंस ते वाचलं. पण पुढे तूच लिहिलंस, "मला एकदा बघून नको म्हटलंय. पुन्हा तो बाजार नको. त्यापेक्षा तुझ्याजवळ येते." शहाणी आहेस. आपल्या माणसांत राहावं.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. कोपऱ्यातली जाळी काढली, माळ्यावरची तुझी गादी काढून उन्हात घातली. खिडकीला निळा पडदा लावला. आल्यावर बघशीलच.

तुझी वाट बघणारी,
आई

---

सावदा
१९ मे १९९३

कुंदा,

राजीनामा दिला असशील तर परत घे. प्रमिलाबाईंच्या पाया पड, पण परत घे. आणि हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बस.

हे मी मांडीवर कागद ठेवून, खाली बघून लिहिते आहे. पेनने. माझा पट्टा खुंटीला आहे. मान दुखते, पण वाकते.

गेले नऊ दिवस मी हे पत्र लिहायचं टाळलं. तुझी जाळी काढलेली खोली बघायची आणि बाहेर यायची. जाळी मी काढली होती. माळ्यावरून गादी मी काढली, स्टुलावर चढून, डोकं वर करून. नाना मळ्यात होते. ते परतले तेव्हा मी पट्टा घालून खाटेवर बसले होते आणि भिकुबाईच्या सुनेने केलं असं सांगितलं.

बकरी नानांनी हाकलली नाही. नाना त्या दिवशी रावेरला होते, हे मीच त्या पत्रात वर लिहिलं होतं, पण तू आईचं पत्र असं उलटतपासणीने थोडंच वाचतेस? मी खाटेवर पाठमोरी बसले होते. मागे धोतर फाटल्याचा आवाज आला आणि मी गर्रकन मागे बघितलं. नुसती मान वळली, कुंदा, अंग तिथेच राहिलं. मग उठले, काठी उचलायला वाकले, बकरीच्या मागे अंगणभर धावले, शिव्या दिल्या. धोतराचं टोक धरून बिबड्यांसकट उचललं. सगळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. तशीच खाटेवर आडवी झाले आणि लुळी होण्याची वाट बघत बसले. पायाची बोटं हलवून बघायची, हाताची हलवून बघायची. तासभर झाला. काहीच झालं नाही. मान ठणकत होती, दोन दिवस ठणकली, मग राहिली.

भिकुबाईने कुंपणावरून सगळं बघितलं होतं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डाक्टरले जे जमलं नाही ते माह्या बकरीनं केलं वं माय!" मी तिला देवाची शपथ घातली, कोणाला सांगू नको. तिला वाटलं मला दृष्ट लागेल म्हणून घाबरते. तीही बिचारी गप्प राहिली. आणि दोन दिवसांनी मी तुला लिहिलं, हा पावसाळा मी काढत नाही.

व्यायामाचा कागद चुलीत गेला नव्हता. तांदळाच्या डब्यात होता. दिवाळीनंतर रोज, नाना बाहेर पडले की, मी करत होते. आधी पिठाच्या डब्याकडे बघायचं, मग देव्हाऱ्याकडे. पहिल्या दिवशी तीळभर हलली. मग दोन तीळ. जरा जास्त वळली की आनंद व्हायला हवा ना? उलट त्या दिवशी मी लवकर पट्टा चढवायची.

बकरीनंतर मी जळगावला एकटी जाऊन आले. नानांना फैजपूरला भाचीकडे जाते म्हणून सांगितलं. त्या बाईंनी माझी मान सगळीकडून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "मुलीला कळवलंत का? किती आनंद होईल तिला." मी म्हटलं, कळवलं.

का कळवलं नाही, ते सांगते. दुखत होतं हे खोटं नाही. पहिली दीड-दोन वर्षं दुखण्याने मी मेल्यात जमा होते, ते तू बघितलं आहेस. ताईबाई माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही, हेही खरं. पण पुढे दुखणं ओसरत गेलं आणि भीती तेवढीच राहिली, आणि तू असल्यामुळे मला ती कधी तपासून बघावीच लागली नाही. खाली पडलेलं तू उचलत होतीस. मागून हाक आली तर तू माझ्या पुढ्यात येऊन उभी राहत होतीस. आता मान चांगली आहे म्हणायचं, तर मग तुझी नऊ वर्षं मी कशासाठी घेतली? तू वीसची होतीस. बरं होण्यापेक्षा आजारी राहणं मला सोपं वाटलं.

आता राहिलेलं लिहिते.

८७ साली भुसावळचा रुपचंद तुला बघायला आला होता. रेल्वेत होता, पांढरा शर्ट, सारखा घाम पुसत होता. आठ दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. नाना मळ्यात होते, तू दळण आणायला गेली होतीस. कार्ड मी वाचलं. मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही म्हणणं नाही, बोलणी करायला या, असं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मला काही आनंद झाला नाही. मला एवढंच दिसलं की उद्यापासून मला उठवायला कोणी नाही आणि मी ताईबाई होणार. त्याच दुपारी मी नानांच्या नावाने पत्र लिहिलं, पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं आणि त्यांची पत्रिका परत केली. पाट, बरणी, कागद सगळं तूच मांडून दिलंस. मी तुला सांगितलं होतं, मामाला पत्र लिहायचं आहे. पाकीट पोस्टात तू टाकलंस. पत्ता बघायची तुला सवय नव्हती.

तुला आणि नानांना मी सांगितलं की त्यांचा निरोप आला, मुलगी सावळी आहे म्हणून नको म्हणतात. दुसरं काहीही सांगता आलं असतं. मी हेच निवडलं. पुढे कोणी स्थळ सुचवलं की तूच नको म्हणायचीस, आणि मला काही करावं लागलं नाही. फोटो काढायची वेळ आली की तू मागच्या रांगेत जायचीस, तेही मी बघत होते.

तुला कोणीही नाही म्हटलेलं नाही. एकच माणूस बघायला आला आणि तो हो म्हणाला होता.

काल रात्रीच्या जेवणाला बसल्यावर नानांना सांगितलं. ते म्हणाले, "म्या टेकू म्हनलं व्हतं. खुंटा नव्हतं म्हनलं." ताट तसंच सोडून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. आज सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत.

हे पत्र टाकलं नाही तर पंधरा दिवसांत तू घरी येशील, माझ्या पायांत चपला सरकवशील, आणि मी मरेपर्यंत तू माझी राहशील. टाकलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस. हे कळूनच टाकते आहे. भिकुबाईच्या सुनेकडे दिलं नाही. पोस्टापर्यंत मी चालत जाणार आहे, म्हणजे वाटेत बुद्धी फिरली तर दोष देण्यासाठी दुसरं कोणी असायला नको.

येऊ नकोस. एरंडोलच्या त्या माणसाला जाऊन भेट. त्याला हो म्हण असं सांगायचा मला हक्क नाही. पण नाही म्हणायचंच असेल तर माझ्या खोट्यावरून म्हणू नकोस.

आई

---

सावदा
११ जून १९९३

कुंदा,

तुझं पत्र काल मिळालं. पाच ओळींचं. राजीनामा परत घेतलास, एवढं वाचून मी देवापुढे साखर ठेवली. "एरंडोलचं काय करायचं ते माझं मी बघेन, त्यात तू पडू नकोस." पडणार नाही. "पत्र आलं नाही तर समजून घे." समजून घेईन. नानांना मात्र लिहीत जा, त्यांचा यात काही गुन्हा नाही. ते आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. पाणी कुठे आहे, कुलूप कुठे आहे, असं. भाकरी मी करते. त्यांनी एकदाही बरी झाली असं म्हटलेलं नाही, पण खातात.

शेवटच्या ओळीत तू विचारलं आहेस, "तू सावळी म्हणून सांगितलंस त्या दुपारी मी तुझ्या खाटेमागे जमिनीवर बसून रडत होते. तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. मला खरं सांग, तू जागी होतीस का?"

पत्र कालपासून उशाला आहे. निजले होते असं लिहिलं तर तू कदाचित विश्वास ठेवशील. तेवढाच एक धागा राहील, असंही मनात आलं. पण खोटं लिहायची माझी पाळी आता संपली.

हो. जागी होते.

तू पदराचा बोळा तोंडात धरला होतास, तरी ऐकू येत होतं. मधेच तू थांबायचीस, आईला जाग येईल म्हणून श्वास दाबायचीस, आणि मग पुन्हा सुरू व्हायचीस. भिंतीवर तुझी सावली हलत होती, ती मी बघत होते. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग तू नाक पुसलंस, उठलीस, माझ्या अंगावरची चादर नीट केलीस आणि चहा ठेवायला गेलीस. बिचारीला मान वळवता येत नाही, असं तुला वाटलं असणार.

त्या दुपारी मला मानेची आठवणही नव्हती, कुंदा. मी वळले नाही, कारण मला तुझं तोंड बघायची भीती वाटली.

आई